न उघडणाऱ्या किल्ल्या

कॉलेजच्या ग्रंथालयात अँग्लो-सॅक्सन लोकांच्या धातूकामावरचं एक जाड पुस्तक होतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या थडग्यांत सापडलेल्या वस्तू. खांद्यावर कापड अडकवायच्या पिना, चिमटे, मण्यांच्या माळा. एका पानावर बायकांच्या कमरेशी मिळालेल्या काशाच्या दोन लांब पट्ट्या होत्या, टोकाला किल्लीसारखे दाते. त्या पट्ट्यांनी कुठलंही कुलूप उघडत नसे, असं खाली लिहिलं होतं. घरधनीण असल्याची ती नुसती खूण.

मी स्त्री-चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. त्याच रात्री एक पत्रक लिहून काढलं: 'खूण नको, किल्ली द्या.' कारण घरात तेच चाललं होतं. अक्षयतृतीयेला मायनं चार पाहुण्यांसमोर चांदीचा छल्ला वहिनीच्या कमरेला खोचला होता. त्यात चार किल्ल्या होत्या, पण कोठीची मायच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातच राहिली. गूळ, तूप, डाळी सगळं कोठीत.

वहिनीला मी पुस्तकातलं चित्र दाखवलं.

"मेल्यावरही लटकवून ठेवल्या?" तिनं विचारलं.

"हो. तुझ्याही तशाच हायेत."

"मले माहीत हाये. पहिल्याच दिवशी कोठीले लावून पाह्यल्या."

"मग काऊन घालून राह्यली?"

"राहू दे. अन् बाई, तो कागद वाटजो नको."

मला तिचा राग आला. पत्रक मी वहीत ठेवलं.

आठवड्यानं मोठी आत्या आली. चहा झाल्यावर माय म्हणाली, "आता सारं सूनबाईच्याच हाती हाये. जाय वं, कोठीतून गूळ आण."

वहिनी गेली. कोठीच्या कुलपाला पहिली किल्ली लावली, मग दुसरी. घाई नव्हती. तिसरी लागली नाही, तेव्हा आत्यानं मान वळवली. चौथीनंतर वहिनीनं पुन्हा पहिली घेतली.

"काऊन वं," आत्या मायला म्हणाली, "सुनेले नुसत्या वाजवाले देल्या का?"

माय उठली, गळ्यातला दोरा काढला आणि वहिनीच्या हातात दिला. वहिनीनं कुलूप उघडलं, गूळ आणला, आत्यापुढे ठेवला.

तो दोरा परत मायच्या गळ्यात गेला नाही. संध्याकाळी वहिनीनं किल्ली छल्ल्यात ओवली. बाकीच्या चार काढ असं मी म्हटलं, तर तिनं काढल्या नाहीत.