शकुंतलेचा पाव, आमची गिरणी

शकुंतला गेली तेव्हा गिरणी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात मला दुकानातला फोन ऐकू आला नाही. धाकटे दीर दारात येऊन उभे राहिले, काहीतरी बोलले, मला कळलं नाही, मग त्यांनी स्वतःच खटका पाडला. दगड हळूहळू थांबले. "बसूचा फोन आलता, दवाखान्यातून," ते म्हणाले. बसू म्हणजे त्यांचा आणि शकुंतलेचा एकुलता मुलगा, आईजवळ बीडला तोच होता. पुढचं कुणाला बोलावं लागलं नाही. दळणाला आलेल्या दोघी बाया डबे तिथंच ठेवून तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि आज सात आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

शकुंतला माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघींनी एकोणतीस वर्षं एका चुलीवर खाल्लं. पेपरच्या पुरवणीत, गेलेल्या माणसांवर लिहून येतं ते मी वाचते. त्यात सगळी गेलेली माणसं गोड असतात. शकुंतला गोड नव्हती. ती फटकळ होती, हट्टी होती, आणि माझ्याशी महिन्यातून एकदा तरी अबोला धरायची. तिच्या माघारी भेटायला आलेली माणसं दोन गोष्टी बोलून गेली. एक, मोठ्याने... तिचं आयुष्यच तेवढं होतं. दुसरी, हळू आवाजात... पोरानं पाव पाठवायचा बंद केला म्हणून गेली. दोन्ही खोटं आहे. ते सांगायला लिहिते आहे.

ती दिंद्रुडची, दुकानदाराच्या घरातली. नांदूरघाटला आमच्या घरी सून म्हणून आली आणि चार महिन्यांत आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे बसली. माल ओळखावा तर तिने. डाळ तळहातावर घ्यायची, अंगठ्याने चोळायची, वास घ्यायची आणि एक दाणा दाताखाली फोडायची. बस्स. एकदा एक दलाल तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन आला. हिने दाणा फोडला आणि म्हणाली, "ओली हाय. उन्हात टाकून आणा, मंग बोलू." दलाल माझ्या दिरांना म्हणाला, "मालक, बाईंना घरात पाठवा की. आपण व्यवहाराचं बोलू." शकुंतला जागची हलली नाही. "मी घरात गेले तर तुमची डाळ बी घरात येईल. ती न्हाई पाहिजे," म्हणाली. माझे मालक वारल्यावर दुकानाला लागून असलेली पिठाची गिरणी माझ्याकडे आली. तिथेही ती यायची, कुणाच्याही डब्यात हात घालायची आणि सांगायची, "अक्का, जाड यायलंय. दगड बोथटलाय, टाकी लावून घ्या." मला राग यायचा. पण तिचं बरोबर असायचं.

आमच्या घरात पूर्वी दोन्ही वेळा भाकरी. मग दिवस पालटले. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, घरोघर रंगीत टीव्ही आले, आणि पाव्हण्याला भाकरी वाढायची लोकांना लाज वाटायला लागली. गिरणीच्या रांगेत ज्वारीचे डबे कमी झाले, गव्हाचे वाढले. दुकान चांगलं चालत होतं, तेव्हा आम्हीही रोज चपाती करू लागलो. त्यानंतर शकुंतलेचं पोट बिघडलं ते बिघडलंच. पोट फुगायचं, जुलाब लागायचे, केस मूठमूठ गळायचे. भर उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरायची. गावातला डॉक्टर सलाईन लावायचा, ताकदीची बाटली द्यायचा आणि गॅस आहे म्हणायचा. किती वर्षं म्हणायचा! आम्हीही मान डोलवायचो. शेवटी बसूला पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याने आईला उचलून औरंगाबादला नेलं, सोबत मी होते. तिथल्या डॉक्टरने नळी घालून तपासलं आणि सांगितलं, हिला गहू बाधतो. गहू, मैदा, रवा, शेवया, बिस्किट, सगळं जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल खा. परत येताना बसमध्ये ती कितीतरी दिवसांनी हसली. "अक्का, भाकरी खाल्ली तवर काही न्हाई झालं. पाव्हण्यावानी चपात्या खायला लागले, अन् पोटानं हाकलून दिलं."

मी दुसऱ्या दिवसापासून तिला भाकरी थापून घालू लागले. तवा वेगळा, परात वेगळी. मऊ, पातळ भाकरी, वरून पाण्याचा हात. दोन महिने झाले, पोट तसंच. भाताने ती चार दिवसांत कंटाळली, आमच्याकडे भाताने जेवल्यासारखं वाटत नाही. दीर म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? हिला ज्वारी बी बाधायली." मीही हो म्हटलं. हे मी लपवणार नाही. मीही हो म्हटलं.

मग बसू पुण्याहून तीन पाकिटं घेऊन आला. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात बिनगव्हाचा पाव मिळतो, बाहेरदेशचा, असं त्याला कुणी सांगितलं होतं. आमच्याकडे पाव म्हणजे तापातल्या माणसाला चहात बुडवून द्यायची वस्तू. शकुंतलेने तिन्ही पाकिटं ओट्यावर मांडली आणि डाळीची पारख करावी तशी सुरुवात केली. पहिला तांदळाचा. पांढरा फटक, कडक, हातात घेतला की भुगा. "याला खायचं का याची रांगोळी काढायची?" दुसरा मक्याचा, पिवळा, गोडसर. त्याला तिने शेंगदाण्याची चटणी लावली, एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "गोड कावून केलाय? चटणीचं अन् याचं तोंडातच भांडण लागायलंय." तिसरा बटाट्याच्या पिठाचा, दाबला की दबणारा, सोडला की फुगणारा. बसूला तोच आवडला होता. "आई, हा बघ, खऱ्या पावासारखा हाय." ती म्हणाली, "व्हय, अन् टाळूला चिकटला की बोटानं काढावा लागतो. पाटी पुसायचा बोळा हाय का पाव?" आम्ही तिघं इतके हसलो की दुकानातून दीर काय झालं बघायला आले.

मग तिने आमटीची वाटी मागितली. तिन्हीतला एकेक तुकडा आमटीत कुस्करला. मक्याचा तरंगत राहिला. बटाट्याचा गिळगिळीत झाला. तांदळाचा, ज्याची रांगोळी काढायची होती, तो आमटी पिऊन बसला आणि बोटांनी उचलता आला. तिने घास घेतला, डोळे मिटले, चावला. "हाच," म्हणाली. बसूला पटेना. "अगं, सगळ्यात वाईट तोच हाय." "तुला वाईट. मला कुस्करायला येतोय." तेव्हा मला कळायला हवं होतं की ही पाकिटात भाकरी शोधते आहे. भाकरी घरात, ज्वारी घरात, आणि बाई पुण्याच्या पावात भाकरी शोधते आहे, तर नडतंय कुठे, एवढं तरी विचारायला हवं होतं. मी चौथी शिकले असेन, पण मला डोकं होतं. नाही विचारलं.

त्या पावावर ती दोन वर्षं राहिली. बसू दर आठवड्याला पाकिटं पुण्याहून अंबाजोगाईच्या बसमध्ये कंडक्टरकडे द्यायचा, मांजरसुंब्याला एक ढाबेवाला उतरवून घ्यायचा, आणि तिथून कुणी ना कुणी जीपने नांदूरघाटला आणायचा. तीन आठवड्यांत पोट थांबलं. गालांवर मांस आलं. बांगड्या मनगटात बसायला लागल्या. गावभर झालं की बाहेरदेशच्या पावाने बाई उठवली. दीर दुकानात रिकामं पाकीट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पण पंगतीत तिचं ताट वेगळं पडलं. लग्नात ती पिशवीतून पाव काढायची आणि बाया एकमेकींकडे बघायच्या. कधी कधी तिला राहवायचं नाही, माझ्या परातीतून चतकोर भाकरी उचलायची आणि मोरीजवळ उभी राहून खायची. दुसऱ्या दिवशी जुलाब. मग मी बोलायचे. काय काय बोलायचे! "पोरगं तिकडून पाठवतंय, अन् तुला जीभ आवरंना? लाज वाटू दे." ती ऐकून घ्यायची. एवढी फटकळ बाई, पण त्यावर कधी उलटून बोलली नाही.

मग कॅम्पातल्या त्या दुकानाने तो पाव ठेवणं बंद केलं. बसूने सगळं पुणं पालथं घातलं. मक्याचा मिळाला, तो तिला जाईना. भात खाऊन खाऊन ती वैतागली आणि म्हणाली, मरायचंच आहे तर भाकरी खाऊन मरते. सहा महिने खाल्ली. या हिवाळ्यात ती इतकी वाळली की बसू सुट्टी काढून आला आणि तिला बीडच्या दवाखान्यात ठेवलं. तो औषधं आणायला खाली गेला होता तेव्हा एक तरुण डॉक्टरीण आली. पोरसवदा, पण तिला नीट विचारता येत होतं. काय खाता, कसं करता, तवा कोणता. मी सगळं सांगितलं.

"भाकरीचं पीठ कुठून आणता?"

"आणायचं कशाला? आमची सोताची गिरणी हाय," मी ताठ्याने म्हणाले.

"त्याच गिरणीत गहू पण दळता?"

"दळतो की. दिवसभर."

"आणि तुमची ज्वारी?"

"गिऱ्हाईक आधी, घरचं दळण शेवटी. सासऱ्यांपासूनची रीत हाय आमची."

तिने हातातला कागद खाली ठेवला. म्हणाली, आजी, दिवसभराचा गहू त्या दगडात राहतो, तोच या ज्वारीत येतो. यांना चिमूटभरसुद्धा पुरतो... मला समजायच्या आधी शकुंतलेला समजलं. ती माझ्याकडे बघत पडली होती. गावातल्या दहा घरांचे डबे सकाळी उघडून सांगणारी बाई, जाड कुठलं, बारीक कुठलं. आपल्या ताटातलं पीठ तिच्याही हाताला कळलं नव्हतं. "आन् मी तुमच्या शिव्या खाल्ल्या, अक्का," ती म्हणाली. "फुकट शिव्या खाल्ल्या की ओ मी."

दुसऱ्या दिवशी शेजारणीचं जातं धुऊन, पुसून मी ज्वारी दळली आणि भाकरी घेऊन गेले. तिने हातात घेतली, वास घेतला, तुकडा मोडला. गिळता आला नाही. अंगात काही उरलंच नव्हतं. छातीत कफ भरला आणि दहाव्या दिवशी संपलं.

ते दहा दिवस मी बसूला काही सांगितलं नाही, शकुंतलाही त्याच्यापुढे बोलली नाही. दिरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, हे बाहेर बोलू नका. गिरणीचं नाव खराब होईल. पाव आला न्हाई म्हणून झालं, लोकांना तसंच वाटू द्या." आणि मी गप्प बसले. बायको मरायला टेकली असताना त्या माणसाला गिरणीचं नाव दिसत होतं, याचा मला संताप आहे. मी ऐकलं, याचा त्याहून जास्त आहे.

आमच्या लिंगायतांच्या रीतीने तिला मातीत बसवून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी सगळा गोतावळा ओसरीवर होता. बसूची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेकरानं तेवढा पाव धाडला असता, तर आज माझी भावजय बसली असती हितं." बसू मान खाली घालून बसला होता. तीन दिवसांत त्याने घास घेतला नव्हता. मला ते बघवलं नाही. मी उभी राहिले.

"पावाचं काही न्हाई. तिला ज्वारी कधी बाधलीच न्हाई. आपल्या गिरणीतला गहू बाधला. दळणारी मी."

"वहिनी," दीर म्हणाले, "गेलेलं माणूस परत येतंय का? कशाला उकरायलात?"

"तुमच्या पोराच्या डोक्यावरचं उतरवायलेय. तुमी चढवलंय ते."

आत्या म्हणाली, "दगडात राहून राहून किती राहतंय? चिमूटभर." बसू उठला, गिरणीत गेला, दगडावरचं झाकण उघडलं आणि आतलं झाडून आणलं. वर्तमानपत्रावर ठेवलं ते ओंजळभर पीठ होतं. मग त्याने मला विचारलं, "मोठी आई, तुमाला दवाखान्यातच कळलं होतं?" मी हो म्हटलं. "मंग मला कावून न्हाई सांगितलं?" तो संध्याकाळच्या बसने पुण्याला गेला. जाताना बापाच्या पाया पडला नाही, माझ्याही पडला नाही. बरोबर केलं. फोन येतो तो दुकानात येतो, मला बोलवत नाहीत.

आता मी रोज गिरणीचा पट्टा चढवायच्या आधी झाकण उघडते. दगड झाडते, पीठ पडतं ती कापडी नळी उलटी करून झटकते, आणि घरची ज्वारी पहिली टाकते. पीठ पडायला लागलं की अंगठ्याने चोळून बघते. तिच्याइतकं मला कळत नाही. गव्हाचे डबे घेऊन बाया दारात उभ्या असतात, त्यांना घरी पोरांचे डबे करायचे असतात. एखादी म्हणते, "माय, आमचं आधी घ्या की. तुमचं काय, घरचंच हाय." मी मान वर करत नाही. थांबा म्हणते.