शिरीषचा शनिवार

शिरीषच्या फ्यूनरलला आज पार्किंग मिळालं नाही, आणि मला त्याचा हेवा वाटला.

हो, गेलेल्या माणसाचा.

परवा ऑफिसात छातीत दुखलं म्हणाला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. नागपूरचा शिरीष, इथे अमेरिकेत पिस्कॅटवेला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, मागच्या बिल्डिंगमध्ये राहायचा.

आज हॉलमध्ये जो तो म्हणत होता, "ते डॉक्युमेंटरीवाले ना? आमच्या आईला फार आवडायचे."

एक तपशील दुरुस्त करतो.
डॉक्युमेंटरीवाला मी.

आपले आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. आपण ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि ते खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसतात. २००३ च्या हिवाळ्यात मीच ठरवलं, की शनिवारी दुपारी क्लबहाउस बुक करायचं आणि यांना अमेरिकेच्या इतिहासावरची एकेक फिल्म दाखवायची.

फिल्म मी निवडायचो. पब्लिक लायब्ररीतून आणायची, आधी घरी पूर्ण बघायची, मग दाखवायची. नट घेऊन लढाया पुन्हा करतात त्या बाद. खरे जुने फोटो, खरी पत्रं आणि घाई न करणारा आवाज असेल त्याच.

रेल्वेमार्गाची. मधल्या सपाट राज्यांतल्या धुळीच्या वादळांची. न्यूयॉर्कच्या बंदरात बोटीतून उतरणाऱ्यांची. बेसबॉलची तर बघाच, खेळ कळत नसेल तरी. आणि अनेक भागांची असेल तर मधूनच सुरू करू नका.
नावं हवी असतील त्यांनी मेसेज करा, कोणत्या क्रमाने बघायच्या तेही सांगतो.

मी कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस. बायकोच्या नोकरीमागून इथे आलो. या देशाचा इतिहास कोणी शिकवला नाही, शेल्फवरून एकेक पुस्तक काढून वाचला.

पण काका-काकूंना अमेरिकन उच्चार कळेनात. सबटायटल वाचून होईपर्यंत पळायची. कोणीतरी मराठीत सांगायला हवं होतं.
दोन शनिवार मी सांगितलं. तिसऱ्या शनिवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

मग शिरीष उभा राहिला.

त्याला इतिहासातलं काही येत नव्हतं. शुक्रवारी फोन करून मलाच विचारायचा, "भाऊ, उद्या कोण कोणाशी भांडतंय?"
मी तासभर समजावायचो. दुसऱ्या दिवशी तो त्यातलं निम्मं विसरून, उरलेलं उलटं सांगायचा.

आणि हॉल भरायला लागला.

पडद्यावर कोणाचाही फोटो आला की हा म्हणणार, "काकू, बघा, कमरेवर हात ठेवून कशी उभी आहे. घरात हिचंच चालत असणार."
मी मागे रिमोट धरून बसलेलो. त्याने बोट वर केलं की पॉज करायचं.

एकदा धुळीची फिल्म चालू होती. बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावतायत. सांगोल्याच्या एक काकू आपणहून बोलायला लागल्या, बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या, सुकडी खायच्या. त्यांच्या मुलानेही हे कधी ऐकलं नव्हतं.
शिरीषचं बोट खाली आलंच नाही. फिल्म अर्धी राहिली.
सगळे डोळे पुसत घरी गेले, आणि मी ती फिल्म न संपवता लायब्ररीत परत केली.

तेव्हापासून लोक या कार्यक्रमाला 'शिरीषचा शनिवार' म्हणायला लागले.

२००६ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून माझे वडील आले. नाना. हायस्कूलमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलणारा.

त्या शनिवारी मी मुद्दाम रेल्वेची फिल्म लावली. ती मला पाठ होती.

पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ युटामध्ये जोडतात, तिथे सोन्याची खुंटी ठोकतात. शिरीष म्हणाला, ती खुंटी अजून तिथेच जमिनीत आहे.
एक काकू घाबरल्या. सोनं उघड्यावर, चोरीला नाही गेलं?
"काकू, अमेरिका आहे ही."
हशा.

मी मागून म्हटलं, "चूक. त्याच दिवशी काढली. तिथे साधी लोखंडी ठोकली. सोन्याची आता कॅलिफोर्नियातल्या एका म्युझियममध्ये आहे."

शिरीष क्षणभरही अडखळला नाही. "ऐकलंत ना काकू? तुमच्यासारखंच हुशार कोणीतरी होतं तिथे. पूजा झाली, सोनं परत डब्यात."
मघापेक्षा मोठा हशा. माहिती माझी, टाळ्या त्याला.

मी नानांकडे बघितलं. ते हसत होते, खांदे हलत होते. मग मागे वळून मला म्हणाले, "बरोबर असशील रे तू. पण त्याला बोलू दे."

सहा महिने नाना त्याच्या शेजारची खुर्ची धरून बसले. घरी आले की शिरीष काय म्हणाला ते मला सांगायचे. मला, ज्याने शुक्रवारी ते त्याला शिकवलेलं असायचं.

आज घरी येऊन साताऱ्याला फोन केला. तिथे सकाळ झाली होती. सांगितलं, नाना, शिरीष गेला.

फोनमध्ये खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन खराब आहे.
मग कळलं, नाना रडतायत.

आई गेली तेव्हा त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी अमेरिकेला निघालो तेव्हाही नाही.

सावरल्यावर त्यांनी विचारलं, "आता शनिवारी कोण सांगणार?"
मी म्हटलं, मी सांगेन.
"सांग," ते म्हणाले. "तू सगळं बरोबर सांगशील." आणि पुन्हा रडायला लागले.

शिरीष, नानांचं रडणंही तूच घेऊन गेलास.
जा, भाऊ. तुझ्यासारखं सांगणं मला कधी जमणार नाही. माझा शेवटचा नमस्कार.