पाच ताटल्या

"गप्पा मारण्यापुरती स्पॅनिश यायला किती दिवस लागतात हो?" व्हर्लिनने विचारलं, तेव्हा ग्रंथालयातल्या लॉइसबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"दिवस? रोज तासभर बसलात तर दोन वर्षं धरा. तरुणांना जरा कमी लागतात."

"मी सदुसष्ट वर्षांचा आहे."

"मग दोन वर्षंच धरा," असं म्हणून त्यांनी सीडींचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

नेब्रास्कातल्या त्या गावात व्हर्लिनचं सगळं आयुष्य धान्याच्या उंच कोठारापाशी गेलं होतं. सुगीत मक्याचे ट्रक रांग लावत. तो प्रत्येक ट्रकमध्ये लोखंडी नळी खुपसून मका काढी आणि ओल तपाशी. ओला मका आत गेला की सगळी रास कुजते. म्हणून वाळल्याशिवाय दाणासुद्धा आत घ्यायचा नाही. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. त्याची बायको आर्डिस गेली त्या दुपारीही तो हेच करत होता.

आर्डिस महिनाभर अंथरुणावर होती. शेजारच्या चायोबाई तिच्याजवळ येऊन बसत. मेक्सिकोतून मुलाकडे आलेल्या, पंच्याहत्तरी उलटलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आर्डिसला स्पॅनिश. पण टोमॅटो आणि मिरच्या कुंपणावरून दिल्याघेतल्याने ओळख झाली होती. त्या दुपारी चायोबाईंनी फोन करून तुटक्या इंग्रजीत "या, या" एवढंच म्हटलं. पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं, कोठाराच्या दारात ट्रक उभे होते. "अजून तीनच ट्रक," व्हर्लिन म्हणाला. त्यांना ते कळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो घरी पोचला तेव्हा चायोबाई जपमाळ हातात घेऊन बसल्या होत्या आणि आर्डिसचे डोळे मिटलेले होते.

आपल्याला बोलावलं आणि आपण आलो नाही, हे आर्डिसला कळलं होतं का? एवढंच त्याला विचारायचं होतं. चायोबाईंची सून दोन्ही भाषा बोलायची. पण ही गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून विचारायची कशी?

म्हणून तो शिकायला बसला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात, आर्डिसच्या रिकाम्या खुर्चीसमोर. सीडीतला माणूस विचारी, स्टेशन कुठे आहे? व्हर्लिन सांगे, डावीकडे. गावात गाडी थांबणं बंद होऊन तीस वर्षं झाली होती.

कॉफीच्या टेबलावरचे जुने सोबती त्याला सोडत नव्हते. "काय रे, या वयात मेक्सिकोला पळतोस की काय?"

"पळेल कशाला? कुणीतरी गाठली असेल इथेच!"

व्हर्लिन हसून कप पुढे करी.

चायोबाईंशी मात्र तो एक शब्दही स्पॅनिश बोलला नाही. कच्चं बोलायचं नाही, हे त्याने मनाशी धरलं होतं. त्या कुंपणापाशी दिसल्या की तो मान हलवून आत जाई. दफनानंतर त्यांनी ताटलीभर तामाले, मक्याच्या पानांत उकडलेले पिठाचे उंडे, पाठवले. मग दोन नाताळांना आणि दोन ईस्टरला. तो इंग्रजीत आभार मानून दार लावून घेई. शेजारची ताटली रिकामी परत करू नये, ही आर्डिसची रीत. तिच्या हातच्या केकशिवाय कुठलीच ताटली कधी परत गेली नव्हती. व्हर्लिनला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. म्हणून पाचही ताटल्या धुऊन फडताळातच राहिल्या.

तिसऱ्या सुगीत एका मंगळवारी त्याला त्यांच्या अंगणात दोरीने बांधलेली खोकी दिसली. सून म्हणाली, "आई शनिवारी मेक्सिकोला, गावी चालल्यात. कायमच्या."

व्हर्लिनने आर्डिसचं पाककृतींचं खोकं उघडलं. केक एका बाजूने करपला. करपलेला भाग कापून त्याने तो वरच्या ताटलीत ठेवला, पाचही ताटल्या छातीशी धरल्या आणि पलीकडचं दार वाजवलं.

चायोबाईंनी ताटल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने दोन वर्षं घोकलेलं वाक्य म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही मला फोन केलात, मी आलो नाही. आर्डिसला ते कळलं होतं का?"

बाई दारातच खुर्चीवर टेकल्या आणि बोलू लागल्या. भरभर, रडत, हातवारे करत. व्हर्लिनला तीनच शब्द कळले. खिडकी. ट्रक. हात. त्याने प्रश्नच पाठ केला होता, उत्तर कसं ऐकायचं ते शिकायचं राहूनच गेलं होतं.

"सावकाश," तो म्हणाला. "कृपा करून."

त्यांनी डोळे पुसले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "कळलं होतं. तिला खिडकीतून कोठारापाशी ट्रक दिसत होते. मी पुन्हा फोन उचलला. तिने माझा हात धरला. असा." त्यांनी त्याच्या मनगटावर हात दाबला. "जणू राहू दे म्हणत होती."

"रागावली होती?"

"नाही रे पोरा. दमली होती."

"घाबरली होती?"

"थोडी. मग मी प्रार्थना म्हटली. तिला कळत नव्हती. पण दरवेळी शेवटी आमेन म्हणायची. तेवढं तुमचं आमचं सारखंच ना. शेवटच्या दोन वेळा आमेन म्हणाली नाही."

व्हर्लिनने मान खाली घातली.

"मला वाटलं, तू माझ्यावर चिडलास," त्या म्हणाल्या. "मीच काही चुकले, म्हणून बोलत नाहीस, ताटल्यासुद्धा देत नाहीस. फादरपाशी कबुलीसुद्धा दिली मी त्याची. एवढं बोलायला कुठे शिकलास?"

"घरी. दोन वर्षं. रोज एक तास."

"दोन वर्षं!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे वेड्या, मी इथे कुंपणापलीकडेच होते की! दिवसभर एकटी. सून कामावर, मुलगा कामावर. मी कोंबड्यांशी बोलत होते!"

व्हर्लिनने केकची ताटली त्यांच्यापुढे केली.

शुक्रवारपर्यंत तो रोज दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. त्यांनी त्याच्या चुका काढल्या, त्याच्या केकला नावं ठेवली आणि दुसरा तुकडा घेतला. शुक्रवारी त्यांनी सुनेवर केलेला विनोद त्याला पहिल्या फटक्यात कळला. तो हसला, तेव्हा त्या टाळ्या पिटत हसल्या.

शनिवारी निघताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून एक ताटली त्याच्या हातात दिली. तिच्यावर गरम तामाले होते. "रिकामी नाही देत हं," त्या म्हणाल्या.

तामाले चार दिवस पुरले. व्हर्लिनने ताटली धुऊन पुसली. आता तिच्यावर केक ठेवून ती परत करायची होती, पण घ्यायला चायोबाई नव्हत्या. पलीकडच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं उघडं, रिकामं पडलं होतं. त्याने ताटली फडताळात न ठेवता टेबलावर आर्डिसच्या जागेसमोर ठेवली आणि सीडी न लावता तासभर तिथेच बसून राहिला.