तीन पिढ्यांचा कागद

डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे केला. "तीन पिढ्या लिहून आणा. कुणाला किडनीचा आजार, कुणाला कमी ऐकू येत होतं, कोण तरुणपणी गेलं. दोन्ही घरचं."

माझ्या नऊ वर्षांच्या लेकाच्या लघवीतून रक्त जातं, सकाळी उठतो तो डोळे सुजवून. वर्षभर स्टेरॉईडच्या गोळ्या खाल्ल्या, गुण म्हणून नाही. आजार घराण्यातून आला असेल तर या गोळ्या फुकट, मग त्या थांबवून किडनी जास्त वर्षं टिकवणारं औषध द्यायचं, असं बाई म्हणाल्या. जनुकांची तपासणी करायचीच होती, पण त्यात नेमका कुठला आजार शोधायचा ते कागदावरून ठरणार होतं.

सासरची बाजू कॅम्प चारमधल्या आमच्या घरीच एका दुपारीत भरली. सासूबाईंनी कुणाला मूळव्याध होती तेसुद्धा सांगितलं आणि वर, "किडनीचं मात्र आमच्याकडे नाही हो!" हे दहादा ऐकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग लेकाला घेऊन बदलापूरला माहेरी गेले, मांजर्लीत. आई म्हणाली, "आपल्याकडं कोनाला काय नाय. सगळी धडधाकट."

"आणि मामा? तो कशाने गेला?"

"काविळीनं."

मागच्या वेळी विचारलं तेव्हा तो विहिरीत पडून गेला होता. मी कपाळाला हात लावला. रविवारी धाकट्या बहिणीला बघायला मंडळी येणार होती, आणि आमच्याकडे स्थळ यायचं म्हटलं की मेलेली माणसंही ठणठणीत होतात. माझ्या लग्नातही असंच झालं असणार.

"आई, तुझ्या नातवाच्या जिवाचा प्रश्न आहे गं!"

"नि पोरीच्या लग्नाचा नाय? एकदा लिवलंस की गावभर व्हतंय."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी उठले. लेक पाठमोरा बसून चित्र काढत होता. चप्पल घाल म्हणून तीनदा हाक मारली, ढिम्म हलला नाही. वर्गात लक्ष देत नाही म्हणून शाळेतूनही सारखी तक्रार, त्यावरून मी त्याला कितीदा झोडपलं होतं. आईवरचा सगळा राग हातात आला आणि मी हात उगारला.

आईने मनगट धरलं. "मारू नको त्याला. माजा बाप असाच भावाला मारायचा, ऐकत नाय म्हनून. त्याला ऐकूच येत नव्हतं गं." तिने माझं मनगट सोडलं. "मंग अंग सुजलं त्याचं. सतराव्या वर्षी गेला."

मी कागद काढला आणि उभ्या उभ्या मामाचं लिहिलं. आई बघत होती, नको म्हणाली नाही. बहिणीचीही लघवी तपासून घे, एवढंच मी तिला सांगितलं.

मग हाक न मारता लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने वळायच्या आधीच आपला गाल हाताने झाकला.