सुलटी बाजू बाळाकडे

आत्यानं शिवलेली पिशवी उसवली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. उचलणाऱ्याची कंबर उसवेल, पण शिवण हलायची नाही. गाद्यांच्या खोळी, टेम्पोचे पडदे, दुकानांवरची ताडपत्री, जे जे म्हणून जाड आणि राठ ते आत्याच्या दारात यायचं. तिनं लग्न केलं नाही. भावजय अकाली गेली तेव्हा भावाचं घर सांभाळलं, त्याच्या पोराला वाढवलं, आणि हे सगळं केलं खिडकीपाशी ठेवलेल्या साध्या घरगुती पायमशीनवर. हात सोन्याचे, तोंड मात्र तिखट! टीप वाकडीतिकडी आली तरी मशीनला ती कधी बोल लावायची नाही. "माझं मशीन गुणाचं आहे. हे कापडच नाठाळ!" हे तिचं ठरलेलं वाक्य. भाचा शाळेत नापास झाला तेव्हा म्हणाला होता, "मी गुणाचाच आहे आत्या, पेपरच नाठाळ होता." त्याला तिनं फूटपट्टीनं चांगला बडवला आणि मग आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसली.

त्याच भाच्याला आता मुलगा झाला होता, तोही दिवस भरण्याच्या फार आधी. बाळाला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत्या बघायला गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली. माणूस एवढासा असतो? आणि एवढाशा जिवाला सगळं होतं हो! भुवया होत्या, कानाच्या पाळ्या होत्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या बोटांना नखंसुद्धा होती. तिनं काचेवर अंगठा टेकवून बघितला. बाळाचा दंड तिच्या अंगठ्याएवढाही नव्हता. "अगं बाई," एवढंच ती पुटपुटली.

सिस्टर म्हणाली, "वजन चांगलं वाढतंय. उद्या पेटीतून काढून आईजवळ देऊ. पण अंगात पातळ सुती झबलं हवं, पुढून उघडणारं. शिवण टोचता कामा नये. याची कातडी इतकी नाजूक आहे की जरा घासली तरी जखम होते. मग परत पेटीत ठेवावं लागेल."

दुकानातून आणलेलं लहानात लहान झबलं भाच्याच्या हातात होतं. त्यात तीन बाळं मावली असती.

"मी शिवते," आत्या म्हणाली.

"आत्या, अगं तू ताडपत्री शिवतेस."

"मग? ताडपत्री शिवणाऱ्यांच्या घरी बाळं होत नाहीत वाटतं?" ती त्याच्या अंगावर खेकसली खरी, पण घरी येईपर्यंत स्वतःच्या अंगठ्याकडे तिचं दहादा बघून झालं होतं.

कापड कुठलं घ्यायचं हे तिनं वाटेतच ठरवलं होतं. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याचा एक मलमलीचा सदरा तिनं जपून ठेवला होता. धुऊन धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. बाह्या कोपरापाशी विरल्या होत्या, कॉलर झिजली होती, धड उरली होती ती पाठ. तिनं खडूनं खुणा केल्या, श्वास रोखून कातर चालवली आणि पहिली बाही मशीनवर घेतली. पायाला सवय ताडपत्रीची! एक दणका दिला तसा खर्रर्र आवाज झाला आणि मशीननं बाही सुईखालच्या भोकात ओढून गिळली. ओढून काढली तर खाली दोऱ्याचा हा गुंता आणि कापडाची चाळण.

"कापडच ना..." तिच्या तोंडून निघालं आणि तिनं जीभ चावली. भावाच्या सदऱ्याला नाठाळ म्हणायचं? ज्या माणसानं जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही, त्याच्या? सदऱ्याचा आता एवढासा तुकडा उरला होता. तोही मशीननं खाल्ला की खेळ खलास. दारात उभा असलेला भाचा वाटच बघत होता, पण ते वाक्य काही पुरं झालं नाही. आत्या मशीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "पेचकस आण रे."

सुईखालची, कापड सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी उघडली आणि दोघंही वाकून बघतच राहिले. खाली गोणपाटाचा, कॅनव्हासचा भुसा दाबून दाबून त्याची जाड गादी झाली होती. "अरे देवा, एवढं घेऊन चालत होतीस होय गं?" आत्या मशीनला म्हणाली. रंगाच्या जुन्या ब्रशनं तिनं सगळं झाडून काढलं. सुई काढून नखावरून फिरवली तर बोथट झालेलं टोक चक्क अडकलं. सुई मोडत नाही तोवर बदलायची नाही, असा या घरचा बाणा! मशीनबरोबर आलेली बारीक सुयांची पुडी खणात तशीच पडली होती, त्यातली एक तिनं लावली. दोरा ओवतानाही घाईघाईत ती कापड धरून ठेवणारा दाब खाली ठेवूनच ओवायची. आज दाब उचलून ओवला तर दोरा त्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये अलगद जाऊन बसला. इतकी वर्षं बिचारा बाहेरूनच घसरत होता, आणि ती ताण बसावा म्हणून स्क्रू पिळत होती!

दाबाचा स्क्रू तिनं सैल केला. बुटांच्या खोक्यातला पातळ कागद कापडाखाली घेतला, दोऱ्याची टोकं मागे धरली आणि पाय चक्क उचलून घेतले. हातानं चाक फिरवलं. एक टाका. आणखी एक. मशीनचा असा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. कुणीतरी पलीकडे हळूच वाटाणे सोलत बसावं, तसा. कागद फाडून काढला तर खाली टीप अशी बारीक आणि सरळ, की ती आपणच घातली यावर तिचा विश्वास बसेना.

बाही अंगठ्यावर चढवली. बरोबर बसली. पण आतून टोचते का? बोटांना काही कळेना, बोटं कसली ती, खिळेच! म्हणून तिनं शिवण ओठांवरून फिरवली. टोचली. अगदी जराशी, पण टोचली. आत्यानं बाही आतून बाहेरून निरखली. मग टीप उसवली आणि पुन्हा शिवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं झबलं हातात घेतलं आणि हसली. "अहो आत्या, उलटं शिवलंत की! शिवणी सगळ्या बाहेर." भाच्यानं कपाळाला हात लावला.

"उलटं कसं? बघणाऱ्यांसाठी थोडंच शिवलंय?" आत्या म्हणाली. "सुलटी बाजू बाळाकडे आहे."

सिस्टरनं आतून बोट फिरवलं आणि मान डोलावली. बाळाला झबलं घातलं, बंद बांधले. बाळ कुरकुरलं नाही. आईच्या छातीवर ठेवल्यावर त्यानं एक जांभई दिली, केवढी मोठी! भाचा जवळ आला आणि त्यानं झबल्याचं कापड दोन बोटांत धरून न्याहाळलं. "आत्या, हा बाबांचा सदरा."

"हो. नातवाला कुशीत घेतलंन बघ त्यानं," ती म्हणाली आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

"आत्या, हात लावा ना त्याला," भाचेसून म्हणाली.

"नको गं. माझे हात राठ आहेत, टोचतील."

भाचेसुनेनं ऐकलं नाही. तिनं आत्याचा अंगठा धरून बाळाच्या तळव्याला टेकवला, आणि त्या कण्यांएवढ्या बोटांनी तो पकडला. घट्ट! ताडपत्रीला भीक न घालणारी आत्या तशीच वाकून उभी राहिली. कंबर दुखायला लागली तरी तिनं अंगठा सोडवून घेतला नाही. शेवटी सिस्टरनंच तिच्यामागे स्टूल आणून ठेवलं.