अगाताच्या दारातले मास्तर

तेव्हाच्या रशियन राज्यातल्या आमच्या बियालिस्टोक गावात बाबांना सगळे नाफ्ताली मास्तर म्हणत. शाळेत ते रशियन आणि जर्मन शिकवायचे. घरातही रशियनच बोलायचं, असा त्यांचा कायदा. माझी आई फ्रेडल शाळेची पायरी चढली नव्हती. पण बाजारात ती पोलिश बोले, शेजारच्या विणकरांशी जर्मन, खेड्यातल्या बायकांशी त्यांची बेलारूसी. आणि बाबांची पाठ वळली की आमच्याशी आम्हा ज्यूंची यिडिश. बाबा यिडिशला ‘चुलीपुढची भाषा’ म्हणत. आई म्हणे, "जेवायला चुलीपुढेच येता ना?" अशी बाई अख्ख्या गावात दुसरी नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

एकदा बाबांनी दूधवाल्या अगाताला भर गल्लीत चोर ठरवलं. दुधात पाणी घालते म्हणे! अगाता जी गेली ती परत आलीच नाही. महिन्याभरानं माझ्याच्यानं राहवेना. दूध मी चोरून प्यायले होते आणि पाणीही मीच घातलं होतं, हे मी कबूल केलं.

तो नेमका मोठ्या उपवासाचा आदला दिवस. त्या दिवशी आम्ही लोक एकमेकांची माफी मागतो. माणसाचा केलेला अपराध देव माफ करत नाही, तो त्या माणसानंच माफ करायचा. आणि तेही सूर्य मावळायच्या आत, कारण तेव्हाच उपवास सुरू होतो. बाबा पांढरेफटक पडले. आम्ही तिघं तडक वेशीपलीकडच्या अगाताच्या खेड्याकडे निघालो.

बाबांनी दार ठोठावलं आणि खणखणीत रशियनमध्ये सुरू केलं, "आदरणीय बाई, एका गंभीर प्रकरणी मी आपल्याकडे..."

दार धाडकन बंद. आतून कडी लागली. त्या खेड्यात असली रशियन बोलत यायचे ते करवसुलीवाले, नाहीतर पोरांना सैन्यात न्यायला आलेले अंमलदार.

"सरका बाजूला," आई म्हणाली आणि अगाताच्या बोलीत ओरडली, "अगं, मी फ्रेडल! सरकार नाही गं, आमचंच ध्यान आहे!"

अगातानं दार उघडलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर होय! मग त्यांनाच बोलू दे. चारचौघांत चोर म्हणाले, आता माफीही चारचौघांतच मागू दे."

कुंपणाशी शेजारणी जमल्या. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. आई त्या बोलीतला एकेक शब्द सांगत गेली आणि बाबा शाळेतल्या पोरासारखे तो म्हणत गेले. मध्येच अडखळले, तर आईनं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग कान धरून मीही म्हटलं.

अगाताला हसू फुटलं. "जा, केलं माफ. उद्या तुमचा उपवास. परवा दूध आणते."

परतताना बाबा गावाच्या वेशीशी थांबले. मग त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा यिडिश ऐकली, आणि ती काय सुरेख होती!

"फ्रेडल, तुझी माफी राहिलीय."

"किती वर्षांची?"

"सगळ्याच वर्षांची."

"मग चालता चालता मागा," आई म्हणाली. "सूर्य मावळायच्या आत चुलीपुढे बसायचंय."