पिंजऱ्याजवळचा दिवा
बसवनगुडीच्या काष्ठौषधींच्या दुकानात आज जटामांसीची पुडी उघडली आणि तो मातकट, उग्र वास नाकात शिरताच साठच्या दशकातली आमची प्रयोगशाळा आठवली. उंदरांना आधी सुस्तीचं औषध टोचायचं, ते गारठून, पापण्या मिटून बसले की जटामांसीचा अर्क पाजायचा आणि त्यांची उदासी उतरते का ते पाहायचं, हे माझं काम. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब, पिंजऱ्याला अगदी खेटून टेबलावरचा दिवा लावून ठेवत. उंदीर तरतरीत होतात ते त्या उबेने, अर्काने नव्हे, असं मी म्हटलं, तेव्हा ते सगळ्यांसमोर हसले. "अक्का, स्वल्प... जरा स्वयंपाकघरात लक्ष घाला," म्हणाले आणि शोधनिबंधातून माझं नाव काढलं. मग दिल्लीचे पाहुणे प्रयोग पाहायला आले. अर्क पाजून झाल्यावर मी अदबीने म्हणाले, "सर, दिवा पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतोय," आणि तो बंद केला. साहेबांना नको म्हणता येईना. पाहुणे बराच वेळ पिंजऱ्याकडे बघत राहिले. उंदीर मिटल्या पापण्यांनी तसेच बसून. हळूहळू साहेबांचा चेहराही तसाच झाला. जटामांसीने उंदरांची उदासी जाते का, मला अजून ठाऊक नाही. माझी मात्र नुसत्या वासाने जाते.